पिवळ्या गोळ्यांचा कागद

कोयनेल मिळेनासं झालं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की जावा नावाचं बेट आपल्या किती जवळ आहे. शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा टांगलेला होता आणि जावा, सुमात्रा, बोर्निओ ही नावं मी मुलांकडून पाढ्यांसारखी घोकून घ्यायचो. पण तिकडच्या झाडांची साल निघते, तिची पूड होते आणि ती पूड कागदाच्या पुडीत बसून आमच्या चौक गावाजवळच्या खेड्यातल्या माणसाचा हिवताप उतरवते, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. जपान्यांनी ते बेट घेतलं आणि आमच्या पुड्या बंद झाल्या.

मी लोकलबोर्डाच्या शाळेचा मास्तर होतो. शाळेच्याच खोलीत एका कोपऱ्यात टपालाची पेटी होती, म्हणून पोस्टमास्तरही मीच. त्या काळी कोयनेलच्या पुड्या पोस्टात मिळायच्या. भात निसवून लोंब्या आल्या की हिवतापाची सुगी सुरू व्हायची आणि लोक दारात येऊन "मास्तर, कडू द्या" म्हणायचे. कुणी पत्राला येत नसे, कडूला येत असे. लढाईच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी त्याच माणसांना रिकामा डबा उलटा करून दाखवत होतो. मुंबई-पुणे रस्त्यावरून फौजेच्या लॉऱ्या दिवसभर धडधडत जायच्या, आणि कोयनेल असलंच तर ते त्या लॉऱ्यांमध्ये असतं असं जो तो सांगायचा.

मी स्वभावानं घाबरट माणूस. ते कुणाला दिसू नये म्हणून मी मोठ्यानं बोलायची सवय लावून घेतली होती आणि लोक तिला मास्तरांचा दरारा म्हणायचे. खरी गोष्ट अशी, की त्या वर्षी मला एकाच माणसाची धास्ती होती. माझी थोरली बहीण, आक्का, कुंभिवलीला दिलेली होती. आई मी पाळण्यात असतानाच गेली. मला न्हाऊमाखू घातलं ते आक्कानं. मी शिकलो ते तिच्या हट्टामुळे. तिला स्वतःला सही येत नव्हती. भाद्रपदापासून तिला एक दिवसाआड हुडहुडी भरून ताप येत होता. पोटात पानथरी, म्हणजे प्लीहा, एवढी वाढली होती की डावी कूस हाताला दगडासारखी लागायची. मी तिच्यासाठी कर्जतपर्यंत जाऊन आलो, भिसेगावात ओळखीच्या माणसाकडे चौकशी केली. कोयनेल कुठंच नव्हतं. कार्तिकात भेटलो तेव्हा ती उन्हात घोंगडी घेऊन बसली होती आणि मलाच म्हणत होती, "तू किती वाळलास रं भाऊ."

अशात खालापूरच्या कचेरीतून बोलावणं आलं. आम्ही आसपासचे मास्तर, तलाठी, पोलीसपाटील जमलो. खाकी कपड्यातला एक तरुण डॉक्टर आला होता. थोडं इंग्रजी, थोडं हिंदुस्तानी असं तो भराभरा बोलला. त्याचं म्हणणं असं, की झाड शत्रूच्या हातात गेलं तरी हरकत नाही. झाडाचं काम करणारं औषध शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बनवलं आहे. फौजेला ते दिलं, आता रयतेला द्यायचं सरकारनं ठरवलंय. मग त्यानं डब्यातून एक गोळी काढून तळहातावर धरली. ती अगदी पिवळीधम्मक होती. आम्ही सगळे माना पुढे काढून बघत राहिलो. मला तर भरून आलं. एवढ्या मोठ्या जगाच्या उलथापालथीत कुणीतरी कुठंतरी खोलीत बसून आमच्या तापाचा विचार करतंय, ही कल्पनाच मला फार मोठी वाटली.

डॉक्टरला पुढच्या गावाची घाई होती. कागदाच्या टंचाईमुळे मराठी पत्रकं छापलेली नव्हती. प्रत्येकाला गोळ्यांचा एक डबा आणि टंकलेखन केलेला एक इंग्रजी कागद मिळाला. मास्तरांनी तो मराठीत करून चावडीवर, शाळेवर, देवळात चिकटवायचा होता. ज्यांना इंग्रजी येत नव्हतं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मॅट्रिक पास होतो आणि ते मी कुणाला विसरू देत नव्हतो. वाटणाऱ्यांनी स्वतः आजारी पडू नये म्हणून प्रत्येकाला एका माणसाच्या गोळ्या वेगळ्या दिल्या होत्या. त्या मी खिशात घातल्या तेव्हाच ठरवलं होतं, की त्या आक्काच्या.

रविवारी दुपारी मी तो कागद मराठीत करायला बसलो. असं काम मला फार आवडायचं. गोळी जेवणावर घ्यावी, उपाशीपोटी घेऊ नये. रोज घ्यावी, ताप उतरला म्हणून मध्येच सोडू नये. साखरपाण्याबरोबर घ्यावी, असं त्यात होतं. साखर रेशनवर, आणि तीही मिळाली तर. मी तिथं अक्कल चालवली आणि 'गूळपाण्याबरोबर' असं लिहिलं. स्वतःवरच खूश झालो. मग पुढची ओळ आली. या गोळ्यांनी काही माणसांची कातडी पिवळी पडते. त्यानं अपाय होत नाही. गोळ्या संपल्यावर रंग हळूहळू जातो. डोळ्यांचा पांढरा भाग मात्र पांढराच राहतो, त्यावरून ही कावीळ नव्हे हे ओळखावं.

ही ओळ मी लिहिली. वाचली. आणि टाक खाली ठेवला. गावात आधीच कंड्या पिकत होत्या. सरकार गोळ्या फुकट देतंय त्या अर्थी त्यात काहीतरी मेख आहे. गोळी खाल्ली की नाव फौजेत लागतं. गोळी खाल्ली की मूल होत नाही. आमच्याकडे माणूस पिवळा होतो तो दोनच वेळा, लग्नात नाहीतर काविळीत. ही ओळ वाचल्यावर एकही माणूस गोळीला हात लावणार नाही, असं मला दिसायला लागलं. अडाणी माणसांना एवढं बारीक कशाला सांगायचं, असं मी मनाशी म्हटलं. हेच शब्द मी वापरले होते, म्हणून तेच लिहितो. मग ओळीवर काट मारली, उरलेलं वळणदार अक्षरात उतरवून काढलं आणि खळ लावून सगळीकडे चिकटवलं. एक प्रत कुंभिवलीला दाजींना दिली. आक्काचे यजमान मराठी चौथी झालेले होते. गोळ्या आणि कागद त्यांच्या हातात देताना मी बजावलं, "यात लिहिलंय त्याबाहेर काही करू नका." त्यांनी कागद कपाळाला लावला.

पहिले आठ-दहा दिवस मी हवेत होतो. गोळ्या लागू पडत होत्या. हुडहुडी भरून चुलीपुढे पडलेली माणसं विळा घेऊन कापणीला जायला लागली. खालापूरच्या कचेरीतले साहेब येऊन गेले, भिंतीवरचा कागद वाचून म्हणाले, "मास्तर, अक्षर सुंदर आहे, आणि भाषा सोपी." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला.

मग एक दिवस रस्त्याच्या कामावरचा मुकादम टपाल घ्यायला आला. मधल्या वयाचा विधुर माणूस. दारातल्या उजेडात उभा राहिला तेव्हा मी पाहिलं, की त्याचा चेहरा, मान, हाताचे पंजे, सगळं पिवळट झालेलं होतं. मागून कुणीतरी ओरडलं, "मुकादमाला हळद लागली रं! नवरी कुटली?" सगळे हसले, मुकादम हसला, मीही हसलो. बोलायचं होतं ते तेव्हाच बोलायला हवं होतं. 'अरे, हे गोळीनं होतं, घाबरू नका,' एवढंच. पण मग कुणीतरी विचारलं असतं, की मास्तर, हे आधी का नाही सांगितलं. मी उद्या सांगू म्हटलं. उद्या आणखी दोघं पिवळे दिसले. परवा साहेबांचं शाबासकीचं पत्र आलं, आणि मग तर सांगणं जास्तच अवघड झालं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. वर्गात मुलांना गणित घालायचं आणि खिडकीतून रस्त्यानं जाणाऱ्यांचे चेहरे न्याहाळायचे. कोण किती पिवळा, कालच्यापेक्षा जास्त का कमी. भिंतीवरच्या कागदाखाली ती ओळ आता लिहावी, म्हणून दोनदा दौत-टाक घेऊन उठलो. दोन्ही वेळा कुणीतरी आलं आणि मी टाक पुसून ठेवला. रंग पुढे जाणारच आहे, लोक हसताहेतच, मग कशाला, अशी मी स्वतःची समजूत घालायचो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. कुणी "मास्तर" अशी हाक मारली तरी मी दचकायचो.

निरोप आणला तो चौकला भाताची पोती घेऊन आलेल्या कुंभिवलीच्या एका गाडीवानानं. बैल न सोडताच तो म्हणाला, "मास्तर, तुमच्या आक्कास्नी कावीळ झालीया. माळ घातलीया. गोळ्या बंद केल्या, आनि ताप पुन्ना चढलाय. कालपासनं धड बोलत नायत." मी मुलांना सुट्टी देऊन तसाच निघालो. डब्यातल्या गोळ्या केव्हाच वाटून झाल्या होत्या, नवीन डबा पुढच्या आठवड्यात यायचा होता. माझ्याजवळ होता तो फक्त इंग्रजी कागद. तो मी का घेतला ते सांगता येत नाही.

काही वाट चाललो, काही एका लॉरीवाल्यानं नेलं. सगळी वाट मी मनात बोलणी रचत होतो. गोळ्या बंद केल्या म्हणजे पथ्यामुळे केल्या. काविळीचं पथ्य आमच्याकडे कडक असतं. मीठ नाही, तेल नाही आणि दुसरं कुठलंही औषध नाही. मुळीचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफून त्याची माळ डोक्यावर ठेवतात. तुकडे सुकत जातात तशी माळ लांबत जाते, कपाळावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर उतरते. माळ उतरते तशी कावीळ उतरते, असं सगळे मानतात, आणि खरं सांगायचं तर लहानपणी मीही घातली होती आणि बरा झालो होतो. आता त्या माळेपायी आक्काचा ताप मोकाट सुटला होता. आणि माळ घालायची वेळ आली ती त्या ओळीवर मी मारलेल्या काटेमुळे.

पोचलो तेव्हा दुपार झाली होती. खळ्यावर झोडणी अर्धवट टाकलेली होती. आक्का ओटीवर वाकळेवर पडलेली होती, माळ गळ्यापर्यंत उतरलेली. तिचा चेहरा मी ओळखला नसता. कातडी पिवळी आणि तिच्यावर तापाची लाली. मी हाक मारली तर तिनं माझ्याकडे पाहिलं आणि "आई आली का?" असं विचारलं. मी उंबऱ्यावरच बसलो.

तिची सासू पाण्याची पट्टी बदलत होती. फटकळ बाई, पण आक्काला तिनं लेकीसारखं वागवलं होतं हे मला कबूल करायला हवं. ती म्हणाली, "या मास्तर. तुमची गोळी लागू पडली व्हती बगा, चार दिस पोर हासत व्हती. मंग ही कावीळ कुटनं आली देव जानं."

"कावीळ नाही ही," मी म्हणालो.

"नाय?" दाजी आत गेले आणि आढ्यात खोचलेला माझा कागद घेऊन आले. घडीवर झिजून गेला होता. "ह्यो धा बारी वाचला मी. पिवळं हुतंय आसं कुटं लिवलंया? मला तर नाय घावलं."

आणि सासू म्हणाली, "मास्तरांनी गूळपान्याचंसुदिक लिवलंय. गोळीनं मानूस पिवळं हुनार आसतं तर ते लिवलं नसतं व्हय? मी ह्याला म्हनलं, कागदात नाय म्हंजे गोळीचं नाय. ही कावीळच."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. ही माणसं गोळीला घाबरली नव्हती. त्यांनी गोळीवर संशय घेतला नव्हता, माझ्यावर तर नाहीच. माझ्या कागदात जे नाही ते जगात नाही असं धरून त्यांनी सरळ विचार केला होता आणि त्या सरळ विचारानं आक्काचं औषध तोडलं होतं. ज्यांना मी अडाणी समजून ओळ गाळली त्यांनी माझं अक्षर न् अक्षर पाळलं होतं.

वाटेत रचलेलं एक वाक्य जिभेवर तयार होतं. 'वरून आम्हाला हे कळवलंच नव्हतं.' खिशातला कागद इंग्रजीत होता, तिथं तो कुणालाही वाचता येत नव्हता. सरकारवर ढकललं असतं तर सगळ्यांनी सरकारला शिव्या दिल्या असत्या आणि मला पाणी दिलं असतं. मी "वरून..." एवढं म्हणालोही. मग माझं धैर्य नव्हे, भीतीच उपयोगी पडली. आक्का मेली आणि हे खोटं माझ्याजवळ राहिलं तर मी कुठं जाऊ, असं मनात आलं आणि तोंडातून निघून गेलं, "होतं लिहिलेलं. मी गाळलं."

सासूचा हात पट्टीवर थांबला. "का?"

"तुम्ही घाबराल म्हणून."

"मंग आता नाय घाबरलो?" ती म्हणाली. "लिवलं आसतंत तर मानलं आसतं की आमी."

दाजी माझ्याकडे बघतही नव्हते. ते कागदाकडे बघत होते. "आता तुमी म्हनताय ही कावीळ नाय," ते सावकाश म्हणाले, "ह्ये तरी खरं कशावरनं? आनि ह्या कागदात आजून काय काय नाय?" मी खिशातला इंग्रजी कागद काढून त्यांच्यापुढे धरला, बोट ठेवून ती ओळ दाखवली. त्यांनी कागद हातात घेतला नाही. माझ्या शब्दाची पत ज्या दिवशी सगळ्यात जास्त हवी होती त्याच दिवशी ती संपली होती, आणि आक्का शेजारी तापात बडबडत होती. इतकं असहाय मला जन्मात पुन्हा वाटलं नाही.

मी म्हणालो, "माझं ऐकू नका. माळ घालणाऱ्याला बोलवा." त्यांना हे अपेक्षित नव्हतं. म्हातारा शेजारच्याच आळीत राहायचा. आला, काठी भिंतीला टेकवली. मी त्याला एवढंच म्हणालो, की तिचे डोळे बघून सांगा. त्यानं आक्काची पापणी अंगठ्यानं खाली ओढली, मग दुसऱ्या डोळ्याची. उजेडाकडे मान वळवून पुन्हा पाहिलं.

"डोळं पांढरं हायत," तो म्हणाला. "पयल्या दिशीच बगितलं व्हतं मी. काविळीत आदी डोळा पिवळा हुतो, मंग अंग. हिचं उलटं झालं. म्हनलं, लढाईच्या दिसांत नवी कावीळ आली आसंल."

मी त्याला इंग्रजी कागदातलं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "ह्ये माज्यापरेंत यायला पायजे व्हतं, मास्तर. पिवळं मानूस आदी माज्याकडंच येतंय." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. कचेरीत एवढी माणसं बोलावली होती, पण ज्याच्याकडे पिवळी माणसं जातात त्याला बोलवावं असं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही. त्यानं आक्काच्या गळ्यातली माळ स्वतःच्या हातानं काढली आणि सासूला म्हणाला, "पथ्य सोड. मीठ दे, पेज दे. गोळी दे."

"गोळ्या कुठायत?" मी विचारलं. पथ्यासाठी बंद केलेलं औषध लोक ओढ्यात टाकतात. दाजींनी आपल्या आईकडे पाहिलं. सासू उठून आत गेली. भांड्यांचा आवाज झाला, तो थांबला, पुन्हा झाला. ती मिठाच्या बरणीमागून चिंधीत बांधलेली पुरचुंडी घेऊन बाहेर आली. "मास्तरांनी पायी चालत आनलेल्या," ती म्हणाली, "टाकवंनात मला."

पुढचे तीन दिवस मी तिथंच राहिलो. शाळेचं काय झालं ते विचारलं नाही. पेज भरवायची, गूळपाणी द्यायचं, गोळी गिळली का ते तोंडात बोट घालून बघायचं. पहिल्या दिवशी तिनं गोळी ओकून टाकली तेव्हा मी आणि सासू एकमेकांकडे बघून एकदमच रडलो. दुसऱ्या दिवशी ती ओकली नाही. तिसरा दिवस हुडहुडीचा. दुपार जवळ आली तशी मी ओटीवरच्या सावलीवर डोळे लावून बसलो. एरवी ज्या वेळी तिचे दात वाजायला लागायचे ती वेळ आली आणि गेली. ती झोपून होती. कपाळाला घाम होता. संध्याकाळी तिनं पेजेचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आत्याबाय, यात मीट कुटं हाय?" सासू "घातलंय गं, घातलंय" म्हणत पुन्हा मिठासाठी आत पळाली.

झाल्या प्रकाराची हकिगत तिला सासूनंच सांगितली. मी सांगणार होतो, पण नेहमीसारखा उद्या सांगणार होतो. चौथ्या दिवशी सकाळी मी निघायच्या तयारीत असताना आक्कानं मला जवळ बोलावलं. भिंतीला टेकून बसली होती. अंग अजून पिवळंच होतं, आवाज बारीक.

"तो विंग्रजी कागद काड," ती म्हणाली. "पयल्यापासनं वाच. मराटीत सांग. काय गाळू नको."

मला वाटलं ती रागावेल, मग माफ करेल, जशी लहानपणी करायची. तसं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. मी वाचायला लागलो. जेवणावर घ्यावी. रोज घ्यावी. साखरपाण्याबरोबर. तिथं ती म्हणाली, "साखर व्हती व्हय त्यात? तू गूळ केलास?" मी हो म्हटलं. "त्ये बरं केलंस. पन तेबी सांगायचं, की मी बदललं." मग पिवळ्या रंगाची ओळ. ती मी दोनदा वाचली. दाजी खळ्यावरून येऊन खांबाला टेकून उभे राहिले. सासू दारात तांदूळ निवडत होती.

त्याच्या खाली आणखी एक परिच्छेद होता. तो मी मराठीत केलाच नव्हता. तो लोकांसाठी नव्हता, आमच्यासाठी होता, वाटणाऱ्यांसाठी. त्यात काही काट मारण्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं. मी तो मुकाट्यानं पाळला होता. मी कागदाची घडी घालायला लागलो.

"झालं?"

"एवढंच कामाचं आहे, आक्का."

"सगळा वाच म्हनलं ना तुला."

मी घडी उलगडली आणि वाचलं. गोळ्यांचा साठा थोडा असल्यामुळे त्या आधी रस्ता, रेल्वे, जंगल, शेत आणि कारखान्यांवर काम करणाऱ्या पुरुषांना द्याव्यात. बायका, मुलं आणि म्हातारी माणसं यांना शिल्लक राहिल्यास द्याव्यात. वाचताना माझ्या डोळ्यांपुढे माझ्या शाळेच्या दारात येऊन गेलेल्या बायका उभ्या राहिल्या. कडेवर तापलेली पोरं घेऊन आलेल्या. त्यांना मी मोठ्या आवाजात सांगितलं होतं, की पुढच्या खेपेला या. का, ते कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

सासूचे तांदळातले हात थांबले. आक्का म्हणाली, "म्हंजे ह्या गोळ्या माज्या नव्हत्याच."

"माझ्या होत्या. मास्तरला मिळालेल्या. तुला दिल्या."

"आनि तू मास्तर नसतास तर?" तिनं विचारलं. "तर मी मेले आसते," ती म्हणाली, "आनि तुज्या कागदापरमानं त्ये बराबरच झालं आसतं."

मी कागद खाली ठेवायला गेलो.

"पुडं वाच," ती म्हणाली.

पुढे वाचायला काही नव्हतं. खाली साहेबाची सही होती, आणि तिच्या शेजारी, 'वाचलं, मान्य' या शब्दांपुढे, माझी.